शाळा सुटल्यावर उपग्रह ऐकणारी पोरं, आणि पंचवीस हजारांचा पेच (सांगली)

फळा_खडू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मिरज तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खालचं सगळं संस्थेतल्या कुणी वाचलं तर माझा चहा बंद होईल.

आठवी-नववीची काही पोरं-पोरी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबतात. निमित्त झालं शुभांशु शुक्लांच्या बातमीचं. २०२५ च्या जुलैमध्ये ते अवकाश स्थानकावरून हॅम रेडिओवर (हौशी लोकांच्या परवानाधारक रेडिओवर) शाळकरी मुलांशी बोलले. वर्गात बातमी वाचून दाखवली तर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, त्यांचा आवाज आपल्याकडं पण पडत असंल की. मग आपल्याला का ऐकू येत नाही?" प्रश्न अगदी बरोबर. स्थानक क्षितिजाच्या वर असेल तेव्हा त्याच्या लहरी मिरजेवरही पडतात. झेलायला काहीतरी हवं, एवढंच.

मग झेलायचं ठरलं. यूएसबीला लावायचा एसडीआर डोंगल (लॅपटॉपचा रेडिओ करणारी पेनड्राइव्हएवढी डबी) मी घेतला, लॅपटॉप माझाच. अँटेना पोरांनी द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारेची केली: व्ही आकारात दोन तुकडे, मधे इलेक्ट्रिशियनकडचा कनेक्टर, खाली डिशची केबल. शाळेच्या गच्चीवर बांबूला बांधून रशियाच्या मेटिऑर या हवामान उपग्रहाची चित्रं घ्यायचा उद्योग चालू आहे. चित्र येतं, पण तुकड्या-तुकड्यांत. काळा पट्टा, मग ढग, परत काळा पट्टा. तरी गुजरातचा किनारा पहिल्यांदा ओळखू आला तेव्हा कुलूप लावायला आलेले शिपाईमामा खुर्ची ओढून बसले.

आता पेच. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने 'अवकाशाच्या उपक्रमासाठी' म्हणून पंचवीस हजार दिलेत. त्याच सुमाराला संस्थेकडे एक कंपनी येऊन गेली. माणशी अडीच हजार, दोन दिवसांची कार्यशाळा, मुलं 'स्वतःचा उपग्रह' बनवणार, तो बलूनमधून वर जाणार, प्रत्येकाला प्रमाणपत्र. दहा मुलांचे बरोबर पंचवीस हजार होतात, हिशोब तयारच आहे. मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना ते पसंत आहे, कारण फोटो येतो. माझं मत, हे पैसे गच्चीवरच्या कामाला लावावेत. पण गच्चीवर दाखवण्यासारखं काय आहे? बांबू आणि तार.

जाणकारांनी दोन्ही अंगांनी सांगावं. चित्रातले पट्टे कसे घालवायचे तेही सांगा.

अँटेनावाला_मिरजकर

सर, आधी अभिनंदन, मग उलटतपासणी.

तारेचे तुकडे किती लांब ठेवलेत? कोन किती? व्हीचं तोंड कुठल्या दिशेला? आणि मेटिऑर मालिकेतला उपग्रह कुठला, एन२-३ की एन२-४?

आणखी एक. यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ अजून अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे हवामान उपग्रह पकडायला शिकवतात. हे तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. पोरं तो टकटक आवाज शोधत बसली असतील तर थांबवा, तो आता येणार नाही.

फळा_खडू

लांबी ५३ सेंटिमीटर. पोरांनीच काढली: प्रकाशाचा वेग भागिले १३७.९ मेगाहर्ट्झ म्हणजे तरंगलांबी २ मीटर १७ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा ५४, आणि तारेत थोडी कमी धरायची असते म्हणून ५३. कोन १२० अंश, कंपासपेटीतल्या कोनमापकाने. व्हीचं तोंड उत्तरेला. उपग्रह एन२-३.

अँटेनावाला_मिरजकर

मग अर्धा दोष तुमचा नाहीच. एन२-३ हा २०२३ च्या जूनमध्ये सोडला, आणि त्याची ही १३७ मेगाहर्ट्झची अँटेना वर गेल्यावर नीट उघडली नाही. त्यामुळे त्याचा सिग्नल मधेच बसतो. २०२४ च्या फेब्रुवारीत गेलेला एन२-४ धरा, फरक लगेच कळेल.

उरलेला अर्धा दोष गच्चीवरचा. जुन्या नोआचं चित्र ॲनालॉग होतं. सिग्नल कमजोर झाला की चित्रावर मुंग्या यायच्या, पण चित्र दिसायचं. मेटिऑरचं चित्र डिजिटल आहे. ते येतं तेव्हा स्वच्छ येतं, नाहीतर सरळ काळा पट्टा. त्यामुळे आजूबाजूची खरखर कमी करण्याला फार किंमत आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. जिन्यातल्या स्वस्त एलईडी ट्यूब बंद करा. उपग्रह वरून जातो त्या दहा-बारा मिनिटांत पाण्याच्या टाकीची मोटर कुणी लावू नये. सगळ्यात मोठा त्रास एफएम केंद्रांचा. त्यांचा जोर इतका की डोंगल बहिरा होतो. एफएम अडवणारा फिल्टर मिळतो, तो आधी घ्या. मग १३७ साठीचा फिल्टर असलेला छोटा ॲम्प्लिफायर, आणि तो अँटेनेच्या बुडाशी लावा, लॅपटॉपपाशी नको. केबलमध्ये सिग्नल मेल्यावर तो वाढवून काय उपयोग?

मांडवाच्या तारेबद्दल कुणी नाक मुरडेल म्हणून सांगतो. तार लोखंडाची असली तरी वर जस्ताचा मुलामा असतो. १३७ मेगाहर्ट्झला विद्युतप्रवाह तारेच्या पोटातून जात नाही, वरच्या दहाएक मायक्रॉनच्या थरातून जातो. म्हणजे तुमची अँटेना लोखंडाची दिसते, पण काम जस्त करतं. गंज चढलेला तुकडा मात्र घेऊ नका.

रोखठोक_विटा

कौतुक सोहळा चालू आहे म्हणून दोन कडू शब्द. मास्तर, यातलं दहावीला काय विचारतात? पालक शाळेत पोरं पाठवतात ती मार्कांसाठी. आमच्या भाच्याला असाच रोबोटचा नाद लागला होता, नववीला गणितात गचकला. रशियाचे ढग बघून ॲडमिशन मिळत नाही. आणि आपल्या इन्सॅट उपग्रहाचं ढगांचं चित्र मोबाइलवर अर्ध्या-अर्ध्या तासाला फुकट दिसतं. गच्चीवर तारा बांधून तेच बघायचं म्हणजे नळाला पाणी असताना विहीर खणण्यातला प्रकार.

फळा_खडू

रोखठोक, दहावीचं विज्ञान भाग १ उघडा. पहिला धडा गुरुत्वाकर्षण, दहावा धडा अवकाश मोहिमा. त्यात उपग्रहाच्या वेगाचं सूत्र आहे, आणि निम्न, मध्यम, उच्च कक्षा आहेत: १८० ते २००० किलोमीटर निम्न, असं पोरं घोकतात. आमच्या पोरांनी मेटिऑरची उंची ८२० किलोमीटर धरून सूत्रात घातली. वेग आला सेकंदाला साधारण ७.४५ किलोमीटर, प्रदक्षिणेला १०१ मिनिटं. मग वहीत लिहून ठेवलेल्या दोन लागोपाठच्या फेऱ्यांच्या वेळा काढल्या. अंतर बरोबर शंभराच्या आसपास. सूत्र खरं निघतं हे दहावीच्या किती पोरांनी पाहिलेलं असतं?

भाच्याबद्दल वाईट वाटलं, पण गणितात गचकायला रोबोट लागतोच असं नाही. माझ्या वर्गात काहीही न करता गचकणारे आहेत.

बेदाणा

सर राम राम. मी तासगाव तालुक्यातला बागायतदार. तार आमच्या मांडवाची हाय म्हटल्यावर आमचा पण हक्क लागतो.

एकच विचारतो. ह्या चित्रात पाऊस कवा येणार ते कळतं का? फुलोऱ्यात अवकाळी आला की घडकुज, डावणी, सगळं एका रात्रीत. औषध मारायचं का थांबायचं ह्यावर हजारोंचा हिशेब असतो. पोरं जर सांगणार असतील तर पंचवीस हजार काय, आमचा गट आणिक घालील.

अँटेनावाला_मिरजकर

अण्णा, खोटी आशा लावत नाही. त्या घडीला ढग कुठे आहेत एवढं हे चित्र सांगतं. अरबी समुद्रावर काय जमलंय, घाटमाथ्यावर काय अडलंय ते दिसेल. उद्या तुमच्या बागेत किती मिलिमीटर पडेल ते नाही. त्यासाठी हवामान खात्याची मॉडेलं लागतात, आणि तुमच्या बागेत बसवलेलं हवामान केंद्र डावणीच्या निर्णयाला या चित्रापेक्षा जास्त उपयोगी आहे.

पण बसल्या जागी श्रीलंकेपासून हिमालयापर्यंतचा पट्टा आपल्या तारेत उतरतो, हे एकदा बघायला या.

बेदाणा

खरं बोलला ते बरं वाटलं. आमच्याकडं ॲप विकायला येणारे असं बोलत न्हाईत. तार पायजे तेवढी न्या.

पुण्यात_अडकलेला

मी मूळचा सांगलीचा, शिकलो पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात. आमच्याकडच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला होता. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ ने गेला. एका बाजूने दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभर. काम सुरू झालं २००८ ला. म्हणजे ज्यांनी सुरू केलं ते नोकरीला लागून, लग्नं होऊन गेले तेव्हा तो उडाला. इंजिनिअरिंगची पोरं, हाताशी प्रयोगशाळा, इस्रोच्या परीक्षणाच्या फेऱ्यांवर फेऱ्या, तरी आठ वर्षं.

तेव्हा दोन दिवसांत 'स्वतःचा उपग्रह' म्हणजे काय ते समजून घ्या. बलून साधारण तीस-पस्तीस किलोमीटरवर जाऊन फुटतो. अवकाशाची मानलेली हद्द १०० किलोमीटर. आणि उंचीचं सोडा, उपग्रह होण्यासाठी प्रदक्षिणा घालावी लागते. बलूनला टांगलेली डबी वर जाते आणि खाली पडते. तिला 'पेलोड' म्हणा, काही हरकत नाही.

मात्र मुलांच्या हातची वस्तू खरोखर कक्षेपर्यंत जाऊ शकते हेही खरं. देशभरातल्या ७५ शाळांमधल्या ७५० मुलींनी आझादीसॅट केला. ७ ऑगस्ट २०२२ ला इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं पहिलंच उड्डाण, ते फसलं, कक्षा मिळाली नाही. मग १० फेब्रुवारी २०२३ ला आझादीसॅट-२ व्यवस्थित पोहोचला. यात प्रत्येक मुलीचा वाटा एका छोट्या तुकड्याएवढा, हे झाकलं नाही तर त्यात कमीपणा काहीच नाही.

हळदीचा_वास

मी वेगळी बाजू मांडते. माझ्या मुलीने अशीच बलूनवाली कार्यशाळा केली आहे, दुसऱ्या कंपनीची. डबी आधीच जोडलेली होती, मुलांनी स्क्रू पिळले आणि बटण दाबलं. सोल्डरिंगचा वाससुद्धा आला नाही. पण ती तिथे पहिल्यांदा सेन्सर हातात घेऊन बसली, आणि घरी आल्यावर कुकरची शिट्टी कुठल्या तापमानाला होते ते मोजायचं म्हणाली. म्हणजे अगदीच पाण्यात गेले नाहीत पैसे. राग आला तो नंतर. तापमान-दाबाचे आकडे मुलांना द्यायचे कबूल केले होते, मिळाली फक्त प्रमाणपत्राची पीडीएफ. सर, तुमच्या कंपनीला आधीच लेखी विचारा: डबी जोडणार कोण, आकडे कोणाकडे राहणार, बलून किती उंच जाणार आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी कोण काढणार?

निवृत्त_तरंग

सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचा जुना विद्यार्थी, आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. उशिरा वाचतो आहे, पण 'गच्चीवर दाखवण्यासारखं काय आहे' हे वाक्य खटकलं म्हणून लिहितो.

इंग्लंडमध्ये केटरिंग नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी नावाचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. १९६० च्या दशकात त्यांनी मुलांना डॉप्लर परिणाम (जवळ येणाऱ्याच्या लहरी दाटतात, लांब जाणाऱ्याच्या विरळ होतात) शिकवायला एक साधा रेडिओ घेतला आणि सोव्हिएत कॉसमॉस उपग्रहांचे सिग्नल ऐकायला सुरुवात केली. शाळेतली मुलं आळीपाळीने बसायची आणि सिग्नल कधी आला, कधी गेला, त्याच्या वेळा लिहायची. एवढंच. त्या वेळांवरून प्रदक्षिणाकाळ, त्यावरून कक्षा.

१९६६ मध्ये कॉसमॉस-११२ गेला आणि या मंडळींच्या वहीत काहीतरी जुळेना. सोव्हिएत संघाचं माहीत असलेलं मुख्य प्रक्षेपण केंद्र बायकोनूर. तिथून निघालेल्या उपग्रहांच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल ठरलेला असायचा, याचा निघाला ७२ अंश. त्याच वर्षी आणखी असे काही गेले. मुलांनी आणि मास्तरांनी नकाशावर त्यांच्या वाटा मागे मागे नेल्या. त्या जिथे एकमेकींना छेदत होत्या ती जागा रशियाच्या उत्तरेला होती: प्लेसेत्स्क. तिथे गुप्त प्रक्षेपण केंद्र आहे हे एका शाळेने जगाला सांगितलं. अमेरिकेच्या गुप्तहेरांना ठाऊक असणार, पण ते बोलत नव्हते. खुद्द सोव्हिएत सरकारने ते केंद्र अधिकृतपणे मान्य केलं १९८३ मध्ये.

त्या शाळेने एकही उपग्रह बनवला नव्हता. आपल्या संस्थाचालकांना हे सांगून पाहा. ऐकणं हे अवकाशविज्ञानातलं दुय्यम काम नाही. जुन्नरजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत, त्या आयुष्यभर फक्त ऐकतात.

रोखठोक_विटा

हे मला माहीत नव्हतं. मार्कांबद्दलचं मत कायम आहे, पण विहीर-नळाचं मागे घेतो.

निवृत्त_तरंग

मागे घेतलंच आहे तर एक प्रयोगही सांगतो, फळा_खडू सरांसाठी. मेटिऑरचा सिग्नल रुंद असतो, त्यात डॉप्लर डोळ्यांना दिसत नाही. अवकाश स्थानकावरचा हॅम रिपीटर (ऐकलेलं परत खाली पाठवणारं यंत्र) ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. तिथे कुणी बोलत असेल तेव्हा पडद्यावर सिग्नलची रेघ बघा. स्थानक येताना ती दहाएक किलोहर्ट्झ वर असते, जाताना तेवढीच खाली, आणि डोक्यावर असताना झपकन घसरते. वरच्या आणि खालच्या टोकांतला फरक निम्मा करा, प्रकाशाच्या वेगाने गुणा, वारंवारतेने भागा. स्थानकाचा आपल्याकडे येण्याचा वेग मिळेल.

उत्तर सातच्या जवळपास येईल, आणि सूत्राने येतं ७.६६. मुलं म्हणतील, सर, चुकलं. चुकलेलं नसतं. क्षितिजावरचं स्थानक सरळ आपल्या अंगावर येत नसतं, थोडं तिरकं येत असतं, म्हणून वेगाचा एक हिस्साच आपल्या वाट्याला येतो. तो हिस्सा किती, हे पृथ्वीची त्रिज्या आणि स्थानकाची उंची यांच्या काटकोन त्रिकोणातून निघतं. दहावीची भूमिती आणि त्रिकोणमिती एका फटक्यात होते. रोखठोकरावांच्या भाच्यालाही बोलवा.

सई_कवठे

सगळं छान आहे, पण कुणी विचारलं नाही म्हणून विचारते. मुली किती वाजेपर्यंत थांबतात? मी कवठेमहांकाळकडची. आमच्या वेळी शाळा सुटल्यावरचं जे काही असायचं, नाटक म्हणा, खो-खो म्हणा, त्यात मुली फक्त गावातल्याच. वाडीवस्तीवरच्या मुलींना शेवटची एसटी गाठायची असायची. आता मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीच नसेल तर पास काय कामाचा? उपग्रह काही गाडीच्या वेळेने येत नाही. ज्या पोरीच्या प्रश्नावरून हे सुरू झालं ती स्वतः थांबू शकते का?

फळा_खडू

ताई, बरोबर नस पकडलीत. ती वाडीवरचीच आहे. पाच वाजता शाळा सुटते आणि तिची गाडी त्यानंतर लगेच असते. सुरुवातीला ती पंधरा-वीस मिनिटं थांबून जायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन काल काय झालं ते विचारायची.

पण उपग्रहांच्या वेळा आधीच कळतात. जीप्रेडिक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आठवड्याचं वेळापत्रक काढून देतं. आमची शाळा अकराला भरते, त्यामुळे शाळेआधीच्या फेऱ्या तिच्याकडे दिल्या. सकाळच्या गाडीने ती आणि तिची मैत्रीण लवकर येतात, प्रयोगशाळेची किल्ली शिपाईमामांकडून घेतात. शाळा सुटल्यानंतर तोडणं, जोडणं, सोल्डरिंग, चित्रं साफ करणं, वही भरणं. सकाळच्या चित्रात उजेडातले ढग चांगले दिसतात, अंधार पडल्यावर इन्फ्रारेडवर भागवावं लागतं. त्यामुळे आमची उत्तम चित्रं या दोघींचीच आहेत, आणि संध्याकाळवाली पोरं त्यावरून जळतात.

सई_कवठे

मग ठीक आहे. पैशातून त्या दोघींसाठी जास्तीचा डोंगल घ्या. घराच्या अंगणातून मोबाइलवरही चालतं म्हणे?

अँटेनावाला_मिरजकर

चालतं. ओटीजी केबलने डोंगल अँड्रॉइड फोनला लावायचा, सॅटडंप नावाचं सॉफ्टवेअर फोनवरही आहे. फोन गरम होतो, पण चित्र येतं.

पैशांचंच निघालं म्हणून माझा कच्चा हिशोब. डोंगल चांगल्यापैकी घेतला तर तीन-चार हजार. फिल्टर आणि ॲम्प्लिफायर मिळून तेवढेच. पुढची पायरी क्यूएफएच अँटेना: उपग्रहाच्या लहरी गोल फिरत येतात, आपला सरळ व्ही त्यातली अर्धीच ताकद घेतो, पिळाच्या आकाराची क्यूएफएच पूर्ण घेते. तिला पीव्हीसी पाइप आणि एसी मेकॅनिककडे मिळते ती तांब्याची नळी लागते. मोजमापाची कटकट आहे, पण पोरांचे हात त्यात तयार होतात. शिवाय लोरा चिप (थोड्या विजेत लांबवर छोटे संदेश पोचवणारा रेडिओ) असलेलं एक ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे छोटा संगणकच, घ्या, दोन-तीन हजारांत बसतं. टायनीजीएस नावाच्या जगभरच्या जाळ्यात ते जोडलं की छोट्या उपग्रहांचे संदेश आपोआप झेलतं, आणि नकाशावर तुमची शाळा टिंब म्हणून दिसते. संस्थाचालकांना दाखवायला ते टिंब पुरेल. हे सगळं मिळून पंचवीसच्या आत.

इशारा एकच. ऐकत आहात तोवर ठीक. बोलायचं असेल तर हॅमचा परवाना लागतो. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते, तेव्हा नववीची पोरं बसू शकतात. आणि डबीतून आकडे खाली पाठवायचा प्रयोग करायचा असेल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची लोरा मॉड्यूल घ्या, त्या पट्ट्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळतात ती बहुतेक ४३३ ची असतात, ती घेऊन पाठवत बसू नका.

कृष्णाकाठ

माझी सूचना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. घरात गळ्याइतकं पाणी होतं. या पोरांनी ढगांपेक्षा नदीची पातळी मोजणारं यंत्र करावं. लोराचं नाव निघालंच आहे.

फळा_खडू

दादा, तळमळ कळते. आमच्याही निम्म्या पोरांच्या घरांनी तो पूर पाहिलाय. पण पुराचं गणित कोयनेचा विसर्ग, अलमट्टीचा फुगवटा आणि मधल्या खोऱ्यातला पाऊस यांचं आहे. पोरांच्या यंत्रावर विसंबून कुणी सामान हलवायला उशीर केला तर? ती जबाबदारी शाळेने घेऊ नये असं मला वाटतं. शिकण्यापुरतं पुलाखाली एक यंत्र लावता येईल, पुढच्या वर्षी बघू.

पुण्यात_अडकलेला

जाता जाता: नववीतल्यांनी इस्रोच्या युविका या शाळकरी मुलांसाठीच्या कार्यक्रमाचा अर्ज चुकवू नये. निवडीत ग्रामीण शाळांना जास्तीचं वजन आहे. सहल काढायची तर पन्हाळ्याला शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र आहे, तुम्हाला जवळच.

फळा_खडू

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून पुढचं लिहितो.

हळदीचा_वास ताईंचे प्रश्न पोरांनी सुवाच्य अक्षरात लिहून मुख्याध्यापकांमार्फत कंपनीला पाठवले. उत्तर आलं ते असं: डबी तयार मिळेल, आकड्यांचा 'सारांश' मिळेल, उंची 'हवामानानुसार'. परवानगीबद्दल अवाक्षर नाही. तरी बैठकीत दोघे संचालक कंपनीच्याच बाजूने होते. मी केटरिंगची गोष्ट सांगितली. एकाने विचारलं, "त्या शाळेला त्यातून ग्रँट मिळाली का?" यावर काय बोलणार?

शेवटी निर्णय लागला तो पैसे देणाऱ्या बॅचमुळे. त्यातले एक गृहस्थ मोटार रिवाइंडिंग करतात. ते बैठकीआधी गच्चीवर आले, त्यांनी अँटेना हातात घेतली, कनेक्टर बघितला आणि म्हणाले, "ही जोडणी ढिली आहे, उद्या मी सोल्डर करून देतो." बैठकीत त्यांनी एवढंच सांगितलं की पैसे आमचे आहेत आणि ते या बांबूवर खर्च करा. कंपनीचा विषय संपला.

एन२-४ वर गेल्यापासून आणि एफएमचा फिल्टर लावल्यापासून पट्टे जवळजवळ गेले. डॉप्लरचा प्रयोगही झाला. पोरांचं उत्तर ६.९ आलं, आणि तिरकेपणाचा त्रिकोण फळ्यावर दहावीच्या पोरीने मांडला, मी नाही.

गंमत पुढे. एका स्थानिक पत्रकाराला कुणीतरी कळवलं. तो आला, फोटो काढले, पोरांनी त्याला तासभर समजावलं. दुसऱ्या दिवशी मथळा: 'ग्रामीण विद्यार्थ्यांनी बनवला उपग्रह!' संस्थाचालक खूश, पेढे वाटले. पोरं मात्र भडकली. तिघांनी मिळून संपादकांना पत्र लिहिलंय, 'आम्ही उपग्रह बनवलेला नाही, अँटेना बनवली आहे, तो उपग्रह रशियाचा आहे.' मुख्याध्यापक म्हणतात पाठवू नका. मी टपालाचं तिकीट दिलं.

रोखठोक_विटा

छापलं का त्यांनी?

फळा_खडू

अजून नाही. पोरं रोज वाचनालयात पेपर बघतात.

मिरजकर, क्यूएफएचसाठी एसीवाल्याने पाव इंची नळी दिली आहे. वाकवताना चेपते. त्यात वाळू भरून वाकवू का?

अँटेनावाला_मिरजकर

बारीक, कोरडी वाळू, दोन्ही टोकं बंद करून. नाहीतर एसीवाल्याकडेच नळीवर चढवायची वाकवायची स्प्रिंग असते, ती दोन दिवस मागून घ्या. रविवारी मी मोकळा आहे, मीटर घेऊन येतो. केबल जास्तीची कापून ठेवू नका, लांबी आल्यावर बघू.